डावा मागचा पाय वगळून

मी तोमा बोलतोय. जपानमधल्या मात्सुए गावातल्या कादोवाकी मास्तरांचा कुत्रा. जातीनं लॅब्रडॉर, रंगानं सायीसारखा पिवळट आणि वजनानं बत्तीस किलो. तीस हवं असं डॉक्टरीणबाई म्हणतात, पण त्या मला महिन्यातून एकदाच बघतात, माझी भूक मी रोज बघतो. हे सगळं मी आपणहून सांगतोय, कारण माझ्याबद्दल इतरांनी कागदावर काय काय लिहून ठेवलं होतं ते ऐकलंत तर तुम्ही मला दारात उभं करणार नाही.

माझा जन्म एका शाळेत झाला. दृष्टी नसलेल्या माणसांना वाट दाखवायला तिथे कुत्र्यांना शिकवतात. एका वेळच्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवायची अशी तिथली रीत. ताकू, तिना, तेरा आणि मी. ती तिघं पास झाली आणि आज मोठमोठ्या शहरांत मानानं नोकरी करताहेत. मी शेवटच्या परीक्षेत राहिलो. खरं म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं. डोळ्यांना पट्टी बांधलेल्या शिक्षकांना मी दोन चौक ओलांडून, एकाही खांबाला धक्का लागू न देता, अत्यंत सुरक्षितपणे बटाट्याच्या कटलेटच्या दुकानासमोर नेऊन उभं केलं. त्यांना स्टेशनवर जायचं होतं, एवढाच काय तो मतभेद.

अशा कुत्र्याला नापास म्हणायचं नाही, त्यानं 'मार्ग बदलला' म्हणायचं, इतकी ती शाळा सभ्य. मार्ग बदललेल्यांना चांगली घरं बघून देऊन टाकतात. तसा मी दोन वर्षांचा होता होता कादोवाकींच्या घरी आलो.

मास्तर म्हणजे तेरुहिसा कादोवाकी. सगळा जन्म त्यांनी मुलांना कुंचल्यानं अक्षर काढायला आणि पत्र लिहायला शिकवलं. पत्रात समोरच्याचं घर नेहमी 'भव्य' आणि आपलं नेहमी 'खोपटं'. समोरच्याचा मुलगा 'सुपुत्र', आपला 'मूर्ख कार्टा'. ही रीत मास्तरांच्या हाडीमाशी खिळली आहे. दहा वाजता आणि तीन वाजता आमच्याकडे चहा होतो, तेव्हा कुणी आलं आणि म्हणालं, "वा, काय देखणा कुत्रा!" की मास्तर लगेच मान खाली घालून म्हणतात, "छे हो, नुसता खायला काळ आणि भुईला भार." मी ते ऐकतो आणि शेपूट हलवतो. कारण हे म्हणताना त्यांचा हात माझ्या कानामागे असतो, आणि तो हात वेगळंच काही सांगतो.

त्यांच्या पत्नी सुमिएबाई. त्यांना कुंचला चालवता येत नाही, घर चालवता येतं.

माझ्याआधी या घरात कुरो नावाचा काळा गावठी कुत्रा होता. त्याची गोष्ट मास्तरांनी तळ्याकाठी फिरताना मला एकट्याला सांगितली. मी कुणाला सांगत नाही म्हणून असेल. कुरो म्हातारपणी फार आजारी पडला, तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं, "मास्तर, कुठपर्यंत करायचं?" मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं असतं तर कदाचित वाचला असता. पण त्या वर्षी घराचं छप्पर केलं होतं आणि मुलगी कॉलेजात होती. मास्तर म्हणाले, "राहू द्या." एवढंच. ते दोन शब्द त्यांना आजही गिळता येत नाहीत. तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला तर खिशाकडे बघून उत्तर द्यायची वेळ येऊ नये, इतकंच त्यांना हवं होतं. माझ्या विम्याच्या भानगडीचं मूळ हे असं आहे.

मला आठ पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते तेव्हा शेजारच्या आदाचीकाकू चहाला आल्या. त्यांचा मारोन नावाचा पूडल आहे, आकारानं साधारण माझ्या डोक्याएवढा.

"तोमाचा विमा नाही?" काकूंच्या हातातली मिठाई तशीच राहिली. "अहो, आमच्या मारोनचं पोट दर महिन्याला बिघडतं. विमा आहे म्हणून चिंता नाही. परवा तर दोनदा बिघडलं!" हे त्या अशा अभिमानानं म्हणाल्या की मारोनला बक्षीस मिळालंय असं वाटावं. "आणि मास्तर, मोठ्या कुत्र्यांना आठ पूर्ण झाल्यावर कुणी घेत नाही हं."

दुसऱ्या दिवशी मुलीचा ओसाकाहून फोन आला. तीही तेच म्हणाली. आठवड्याभरात तीन कंपन्यांची तीन पत्रकं आली, एक निळं, एक हिरवं, एक बदामी.

मग तीन आठवडे त्या घरात दुसरा विषय नव्हता. थंडी सुरू झाली होती. आमच्या बुटक्या मेजाखाली शेगडी आणि वरून रजई असते. त्या रजईत पाय घालून दोघं समोरासमोर बसायची आणि मी अर्धा आत, अर्धा बाहेर. वर माझ्या अवयवांचा बाजार भरायचा.

"निळ्यात हप्ता कमी, पण खुबे वगळलेत," बाई म्हणायच्या.

"खुबे वगळून लॅब्रडॉरचं राहिलं काय?" मास्तर.

"हिरव्यात सत्तर टक्के भरपाई. पण वर्षातून वीसच वेळा."

"एकविसाव्या वेळी आजारी पडू नकोस रे," मास्तर मेजाखाली वाकून मला बजावायचे.

माणसांची एक गंमत मला तेव्हा कळली. धडधाकट कुत्रा समोर घोरत पडलेला असतो आणि ती आपली त्याला कॅन्सर बरा की हृदयविकार बरा ते ठरवत असतात. आणखी एक. मी आजारी पडलो तर कंपनीचं नुकसान आणि ठणठणीत राहिलो तर फायदा. म्हणजे मला न पाहता, न ओळखता, मनापासून माझ्या आरोग्याची प्रार्थना करणारं जगात कुणी असेल तर ती विमा कंपनी. तिचे उपकार मी आधीच मानून ठेवले.

शेवटी बदामी पत्रक ठरलं. हप्ता चढा, पण गुडघे, खुबे, शस्त्रक्रिया सगळं त्यात होतं. "जड कुत्र्याचे आधी पायच जातात," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या आणि मास्तरांना नेमकं तेच हवं होतं. अट एकच, आठवा वाढदिवस व्हायच्या आत कागद पोचले पाहिजेत. माझा वाढदिवस नऊ डिसेंबरचा. नोव्हेंबर नुकता लागला होता. वेळ भरपूर होता.

फॉर्म मास्तरांनी भरला. इथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

चौकटीत खुणा करण्याचा भाग बाईंनी उरकला होता. खाली थोडी मोकळी जागा होती आणि वर छापलं होतं, 'आपल्या प्राण्याच्या प्रकृतीविषयी जे सांगावंसं वाटेल ते लिहावे.' आता, सगळा जन्म पत्रलेखन शिकवलेल्या माणसाला तुम्ही मोकळी जागा द्यावी आणि वर 'लिहावे' म्हणावं! मास्तरांनी हात धुतले. वज्रासनात बसले. कुंचला काढला. एका परक्या, मोठ्या संस्थेला आपल्या घरच्या प्राण्याबद्दल लिहायचं म्हणजे कसं लिहायचं, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

त्यांनी लिहिलं ते असं. 'आमचे हे कुत्रे जन्मतःच मंदबुद्धी असून शाळेत नापास झालेले आहे. डोळे आहेत पण दिसल्यासारखे वागत नाही, कान आहेत पण ऐकत नाही. पोटाला अंत नाही. चारही पाय नावापुरते, चार पावले चालले की बसकण मारते. कातडीविषयी न लिहिलेलेच बरे. असला निरुपयोगी जीव आपल्या थोर संस्थेच्या पदरात घालताना आम्हांस अतिशय संकोच होतो. सांभाळून घ्यावे.'

अक्षर इतकं सुंदर होतं की बाईंनी लांबूनच पाहिलं, म्हणाल्या, "छान दिसतंय," आणि पाकीट चिकटवलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तेही तितकंच सुंदर आणि नम्र. आपल्या मौल्यवान प्राण्याला आमच्या क्षुल्लक योजनेत घेण्याचा मान आम्हाला लाभत आहे, मात्र आपण प्रामाणिकपणे कळवलेल्या व्याधी लक्षात घेता पुढील भाग वगळणे भाग आहे. मेंदू व मज्जासंस्था. दोन्ही डोळे. दोन्ही कान. पचनसंस्था. त्वचा. चारही पाय.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघत हळूहळू शोध घेतला, काय काय उरलंय त्याचा.

"शेपूट," त्या म्हणाल्या. "अहो, शेपटीचा विमा काढलात तुम्ही!"

"अगं, पण ती रीत..."

"कसली रीत! हात दाखवून अवलक्षण! फॉर्म होता तो, नवरदेवाच्या बापाला लिहिलेलं पत्र नव्हतं!"

 मास्तर माझ्या बाजूला येऊन बसले. त्यांना काय आठवत होतं ते मला माहीत होतं. वाढदिवसाला सोळा दिवस उरले होते.

फोन बाईंनी लावला आणि मास्तरांच्या हातात दिला, "तुम्हीच निस्तरा" म्हणून. पलीकडे कुणीतरी तरुण मुलगी होती, तिचा आवाज मला खालपर्यंत ऐकू येत होता. मास्तर रिकाम्या भिंतीला वाकून नमस्कार करत बोलत होते.

"ते मी नम्रतेनं लिहिलं होतं हो. कुत्रा तसा... म्हणजे... तितका वाईट नाही."

"साहेब, आपली नम्रता पोचली," मुलगी म्हणाली. "पण आमच्या संगणकात तिच्यासाठी रकाना नाही. त्यानं सगळं आजार म्हणून धरलं."

"मग आता?"

"डॉक्टरांचा दाखला आणि नवा फॉर्म पाठवा, आठ व्हायच्या आत. आणि साहेब..." ती जरा घुटमळली. "या वेळी फक्त खरं लिहा. माझे आजोबाही तुमच्यासारखेच आहेत. माझ्या लग्नात त्यांनी भाषण केलं, तेव्हा सासरची मंडळी मला परत पाठवणार होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही इकुता डॉक्टरीणबाईंकडे गेलो. डोळे पाहिले, कान पाहिले, पोट दाबलं. मग चालून दाखवायला सांगितलं. आता मला इथे एक कबुली द्यायची आहे. त्या उन्हाळ्यापासून माझा डावा मागचा पाय सकाळी उठल्यावर दुखायचा. पहिली दहा पावलं जड जायची, मग ठीक. कुत्रं दुखणं मिरवत नाही, त्यामुळे मीही कुणाला कळू दिलं नव्हतं. दवाखान्यात तर समोर बिस्किट धरलेलं. बिस्किट दिसलं की मला पाय किती आहेत हेदेखील आठवत नाही. ऐटीत चाललो. "उत्तम!" म्हणून डॉक्टरीणबाईंनी दाखल्यावर शिक्का मारला.

संध्याकाळी नवा फॉर्म मेजावर आला. या खेपेला बाई शेजारीच बसल्या, मोजपट्टी हातात घेऊन. ओळी आखायला नव्हे, मास्तरांच्या बोटांवर मारायला असावी.

"लिहा. दृष्टी उत्तम."

मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. "'बऱ्यापैकी' लिहू?"

"उत्तम!"

"परक्या माणसांना आपल्याच कुत्र्याबद्दल असं..."

"लिहा हो! चाळीस वर्षांत मलासुद्धा एकदा म्हणाला नाहीत, सुमिए, कालवण छान झालंय."

"पाहुण्यांसमोर कसं म्हणणार?"

"पाहुणे गेल्यावर?"

मास्तरांनी कुंचला पुन्हा शाईत बुडवला. त्यांनी 'उत्तम' लिहिलं. मग श्रवण उत्तम, पचन उत्तम, त्वचा उत्तम. एकेका 'उत्तम'ला त्यांचे कान लाल होत होते. मी खालून बघत होतो. शाळेतून निघाल्यापासून मला एवढे गुण कुणी दिले नव्हते.

'पाय' या शब्दापाशी कुंचला थांबला.

"आता काय?" बाई.

"डावा मागचा."

"काय डावा मागचा?"

"सकाळी उठल्यावर, पहिली दहा पावलं. तो टेकवत नाही नीट."

मी मान वर केली. मला वाटलं होतं मी फार हुशारीनं लपवलंय.

"मी नाही पाहिलं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंनीही नाही पाहिलं. दाखला आहे हातात. अहो, या पायांसाठीच तर हा विमा! हे लिहिलंत तर ते पायच वगळतील."

"मी पाहिलंय ना."

"आधी ढीगभर खोटं लिहिलंत, आणि आता नको तेव्हा खरं आठवलं!"

"त्या वेळी खोटं लिहिलं नव्हतं, रीत पाळली होती," मास्तर म्हणाले. "आता त्या पोरीनं खरं लिहा म्हणून सांगितलंय."

 मी मनातल्या मनात मास्तरांना ओरडून सांगत होतो, लिहू नका, मी उद्यापासून सरळ चालेन. पण भुंकण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि भुंकलो असतो तर त्यांना वाटलं असतं मला बाहेर जायचंय. त्यांनी लिहिलं. 'तीन पाय उत्तम. डावा मागचा पाय सकाळी थोडा दुखतो असे वाटते.' मग खालच्या मोकळ्या जागेत, कुणी मागितलं नसताना, आणखी एक ओळ लिहिली. 'स्वभाव आमच्या घरात सर्वांत चांगला.'

बाईंनी ते वाचलं आणि पर्सिमॉन कापायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या, तेव्हा ताटलीत एकच फळ होतं आणि त्यातली अर्धी फोड त्यांनी मला दिली. मास्तरांना वाईट वाटलं नाही. मला तर मुळीच नाही.

पॉलिसी वाढदिवसाच्या तीन दिवस आधी आली. 'डावा मागचा पाय वगळून.' बाकी सगळा मी त्यांचा. पाकिटात त्या मुलीच्या हातची चिठ्ठी होती, 'तोमा-सानना वाढदिवसाच्या शुभेच्छा.' सान म्हणजे राव, माणसांना लावतात तसं.

"व्हायचं तेच झालं," बाई म्हणाल्या. "दुखेल तेवढाच पाय नेमका बाहेर."

मास्तरांनी पॉलिसीची घडी घातली. "तीन त्यांनी घेतले. चौथा माझ्याकडे राहू दे."

आणि मार्चमध्ये, तळ्याच्या पायऱ्या उतरताना, कंपनीच्या तीन पायांना खरचटलंसुद्धा नाही. चौथ्याच्या गुडघ्यात काहीतरी तटकन तुटलं आणि मी तिथेच बसलो. तळ्यातून शिंपले काढणाऱ्या नावेवरच्या दोघांनी मला फळीवर घालून वर आणलं. मास्तर वाटभर माझं डोकं धरून चालत होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची "तसदी देतोय" म्हणून माफी मागत होते.

डॉक्टरीणबाईंनी पॉलिसी पाहिली, मग मास्तरांकडे पाहिलं. "हा पाय यात नाही. दोन मार्ग आहेत. एक साधा, नुसतं बांधून ठेवायचं, लंगडेल. दुसरा मोठ्या इस्पितळात. खर्चिक आहे. तर कुठपर्यंत—"

"मोठ्या इस्पितळात," मास्तर म्हणाले. डॉक्टरीणबाईंचं वाक्य पुरं व्हायचं होतं. सुमिएबाई त्याआधीच मोटारीची किल्ली शोधायला लागल्या होत्या.

यंदा त्यांची दरवर्षीची गरम झऱ्यांची सहल झाली नाही. दोघांनीही त्याबद्दल माझ्यासमोर चकार शब्द काढला नाही. आदाचीकाकू मात्र हळहळल्या. "मास्तर, ती एक ओळ लिहिली नसती तर..." त्यावर मास्तर म्हणाले, "हो ना, अक्षरही वाईट आलं होतं तिथे."

आता पाय बरा आहे. गुडघ्यावर केस आखूड आलेत तेवढेच. रोज सकाळी मास्तर गरम पाण्यात टॉवेल पिळून तो शेकतात, मग आम्ही तळ्यापर्यंत जाऊन येतो. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर माझी एक विनंती आहे. विमा निळा घ्या, हिरवा घ्या, बदामी घ्या, पण घ्यायच्या आधी एकदा सकाळी लवकर उठा आणि त्याची पहिली दहा पावलं नीट बघा. कागदावर लिहिण्याजोगं बहुतेक सगळं तिथे कळतं.

येतो मी, चहाची वेळ झाली. हल्ली मी पूर्वीसारखा उड्या मारत जात नाही, बघितलंत ना? तीन पाय अजूनही कसेही टाकतो, चिखलात, पाण्यात, आदाचीकाकूंच्या फुलझाडांत. चौथा तेवढा जपून टाकतो. तो माझा नाही, मास्तरांचा आहे.